बारवेतल्या राणीचं चित्र

सिडको, छत्रपती संभाजीनगर
१४ मे २०२४

प्रिय साळू,

हे पत्र श्रेया तुला वाचून दाखवील. श्रेया बाळा, आधी एक काम कर. आजीला पंख्याखाली बसव, आणि घरात तुम्ही दोघीच असाल तेव्हाच वाच. मध्येच आजी थांब म्हणाली तर थांब, कारण विचारू नकोस. साळू, फोन करता आला असता, हे मला कळतं. पण फोनवर तू लगेच ‘व्हय का, बरं झालं’ म्हणतेस आणि मी लगेच गुडघ्यांच्या दुखण्यावर जाते. जे सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून परवापासून लिहितेय, फाडतेय, पुन्हा लिहितेय.

इथं उन्हानं कहर केलाय. नळाला आठव्या दिवशी पाणी, तेही तासभर. आमच्या गल्लीत टँकर आला की शिकलेसवरलेले लोक बादल्या घेऊन धावतात, तेव्हा मला तुझी आठवण येते. बहात्तरच्या दुष्काळात तू लासूरच्या पाझर तलावाच्या कामावर एक घागर पाण्यात अख्खा दिवस काढायचीस, आणि त्यातलंही पेलाभर मला द्यायचीस. मी कारकुनाची मुलगी, शहरातून रविवारी नि सुट्टीत रेल्वेनं येणारी. अण्णा मस्टरवर हजेऱ्या लावत, मी बाभळीखाली चित्रांची वही घेऊन बसायची. आपण दोघी वीस-एकवीस वर्षांच्या. तुझ्या हाताला टिकावाचे घट्टे, माझ्या बोटांना पेन्सिलीची काजळी. “काय खरडती गं बाई दिवसभर?” हे तुझं माझ्याशी पहिलं बोलणं. मी तुला गाढवाचं चित्र दाखवलं होतं. तू नीट निरखून म्हणालीस, “गाढव बरं जमलंय. तुझ्या बापापरीस शहाणं दिसतंय.” अण्णांना मी ते कधीच सांगितलं नाही.

आता नवी बातमी सांगते. संक्रांतीनंतर आठवडाभरानं एक मुलगी माझ्या दारात येऊन उभी राहिली. अठ्ठावीस-तिशीची, कुरळ्या केसांची, मनस्विनी नावाची. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते. बसली नाही, पाणी घेतलं नाही, पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढं धरला नि म्हणाली, “बाई, हे चित्र तुमचं ना?” चित्रात शहागंजातला अत्तरवाला, दाढीला मेंदी लावलेला, आणि कोपऱ्यात ‘सरो’ अशी दोन पुसट अक्षरं, ती मला नंतर दिसली. मी म्हटलं, “नाही गं, माझं नाही.” खोटं बोलले नाही, साळू. मला खरंच ओळखू आलं नाही. ती हसली आणि म्हणाली, “माझी आई तुमच्या शाळेत होती. तिनं पायाचा अंगठा बघूनच सांगितलं, हे कुलकर्णी बाईंचं काम. तुम्ही वर्गात म्हणायचात म्हणे, आधी अंगठा काढा, माणूस त्याच्यावर उभा राहतो.” तेव्हा कुठं मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अंगठा माझाच होता.

तुला मी कधी सांगितलं नाही, पण त्या काळात गुलमंडीजवळच्या एका छापखान्यातून मुलांचं एक मासिक निघायचं, ‘पाखरमाळ’ नावाचं. त्यातल्या गोष्टींची चित्रं मी ‘सरो’ या नावानं काढायची. तीन-एक वर्षं चालून ते बंद पडलं. मग माझं लग्न झालं, शाळेत लागले, आणि तेहतीस वर्षं मुलींकडून मडकं, लिंबू आणि फुलदाणी काढून घेतली. स्वतःसाठी पुन्हा पेन्सिल धरली नाही. का ते पुढं सांगते.

या मनस्विनीचा एक मित्र आहे, मिहिर. दोघं मिळून खेळांची पुस्तकं करतात. मिहिरला जुन्या बाजारात रद्दीच्या गठ्ठ्यात ‘पाखरमाळ’चे अकरा अंक सापडले. त्यातल्या चित्रांवर दोघांचा जीव जडला, आणि ती चित्रं आपल्या नव्या पुस्तकात घ्यायची असं त्यांनी ठरवलं. पण ज्यानं काढली त्याला विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत, असं मनस्विनीनं धरून ठेवलं. छापखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मालक वारले. ‘सरो’ कोण हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. पाच महिने ती मुलगी कारखान्याची पाळी संपवून दारोदार फिरत होती. न विचारता छापलं असतं तर कुणाला पत्ता लागला असता? मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, “आम्हाला लागला असता ना, आजी.” साळू, हे वाक्य मला त्या दिवशी नुसतं आवडलं होतं. आता ते मला सोडत नाही.

खेळ कसला, ते सांगते. फासे असतात, पण सोंगट्या नाहीत, पट नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सांगणारा म्हणतो, तुम्ही नदीकाठी आलात, पूल मोडलाय, आता काय करता? मग प्रत्येकानं आपापलं ठरवायचं. पोहायचं की मागं फिरायचं की झाड तोडायचं. जमलं की नाही ते फाशावर. हार-जीत नाही, गोष्ट पुढं जाते एवढंच. आपल्या लहानपणी भातुकलीत असंच असायचं, फक्त इथं मोठी माणसं खेळतात, आणि जीव ओतून खेळतात. पुस्तकात त्या मुलखाची माहिती असते आणि चित्रं असतात. चित्र समोर ठेवलं की माणूस त्यात शिरतो.

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्याचं फार काही वाटलं नव्हतं. म्हातारपणी कुणी विचारतंय, देऊन टाकावं. पण मार्चमध्ये मिहिरनं पानं आणून दाखवली आणि मी ती पुन्हा पुन्हा उलटत राहिले. त्यानं कागदावरचे डाग काढले होते, वाळवीची भोकं बुजवली होती, पण माझी एक रेघ हलवली नव्हती. आणि चित्रं तीच, गोष्ट मात्र भलतीच! माझा अत्तरवाला त्यांच्या पुस्तकात आठवणी विकतो. बाटलीत एकेक आठवण. पावसाच्या कवितेसाठी मी एक घुबड काढलं होतं, ते तिथं एका शहराचं कोतवाल झालंय. दौलताबादच्या किल्ल्याचा अंधारी बोगदा मी सहलीच्या लेखासाठी काढला होता, त्यात आता वारा राहतो आणि तो लोकांची नावं चोरतो. मिहिर म्हणाला, “आम्ही गोष्ट लिहून चित्रं शोधली नाहीत, आजी. चित्रं भिंतीवर लावली आणि ती काय सांगतात ते लिहीत गेलो.” मी एवढं शिकवलं, पण चित्र पन्नास वर्षं काळोखात पडून राहतं आणि मग उठून दुसरीच गोष्ट बोलू लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. पाटावर बी वाळत घालावं, विसरून जावं, आणि आपण नसताना कुणीतरी ते पेरून टाकावं, तसं काहीसं झालं होतं.

त्या अकरा अंकांत एक अंक नव्हता. त्र्याहत्तरच्या श्रावणाचा. मी मुद्दाम विचारलं नाही. मनातून मला हायसंच वाटलं होतं.

गेल्या रविवारी दुपारी त्यांनी मला खेळ बघायला बोलावलं. चिकलठाण्याला मनस्विनीचा फ्लॅट आहे, चौथ्या मजल्यावर. विमान उतरायला लागलं की खिडक्या थरथरतात आणि सगळे बोलता बोलता थांबतात, विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढं बोलतात. टेबलाभोवती चौघं होती. मनस्विनी गोष्ट सांगणारी. मिहिर, त्याची बहीण सावनी, आणि मनस्विनीच्या कारखान्यातला बद्रीनाथ म्हणून एक आडदांड माणूस, करमाडकडचा. घरी चार एकर, दिवसा यंत्रावर. तो मला नमस्कार करून म्हणाला, “आजी, मी लई वेळा तुमच्या बोगद्यात मेलोय.” मला हसू आवरेना.

त्यांच्या गोष्टीतल्या मुलखातलं पाणी जमिनीखाली निघून गेलंय, आणि ही तिघं ते शोधायला निघालीत. कुणाकडं किती घोट पाणी उरलंय ते प्रत्येकाच्या कागदावर लिहिलेलं. बद्रीनाथकडं एकच घोट होता. तो नाही राहिला तर पुढच्या पायरीला त्याचं माणूस कोसळणार, असा नियम. तासभर खेळ झाला असेल. मग मनस्विनी थांबली, माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, “आजी, तुमच्यासाठी एक गंमत आहे. मिहिरला आणखी एक, बारावा अंक मिळाला. वैजापूरच्या एका जुन्या वाचनालयात.” आणि तिनं टेबलावर एक मोठं पान उलगडलं.

साळू, त्या श्रावणाच्या अंकात एका राणीची गोष्ट होती. पाताळात गेलेलं पाणी आणायला ती एकटी बारवेच्या पायऱ्या उतरत जाते. मी पूर्ण पानभर बारव काढली होती, खाली खाली जाणारी, आणि तिसाव्या पायरीवर राणी. मुकुट नाही, दागिने नाहीत, नऊवारीचा काष्टा वर खोचलेला, हातात टिकाव. संपादक तेव्हा म्हणाले होते, ही कसली राणी? मी म्हटलं होतं, मला दिसली तशी. मला दिसली तशी म्हणजे कशी, हे तुला आता कळलंच असेल. ती तू होतीस. कपाळावरची शीर, उजवा खांदा जरा खाली, ओठ मिटलेले. एकावन्न वर्षांनी चिकलठाण्याच्या त्या खोलीत तू माझ्यासमोर उभी राहिलीस, एकवीस वर्षांची. आणि राणीच्या पाठीला लुगड्याच्या जुन्या पट्ट्यानं एक मूल बांधलेलं होतं.

मला उठून जावंसं वाटलं. पण मनस्विनी गोष्ट सांगू लागली होती. “तिसाव्या पायरीवर एक बाई उभी आहे. ती काही बोलत नाही. तिच्या पाठीवरचं मूल तहानेनं मलूल झालंय. काय करता?” सावनी म्हणाली, तिला वाट विचारू. मिहिर म्हणाला, ती शत्रू असू शकते, जपून. बद्रीनाथ चित्राकडंच बघत होता. त्यानं आपला कागद ओढला, पेन्सिलीनं तो एक घोट खोडला आणि म्हणाला, “बाकीचं मागनं बघू. आधी लेकराला पाणी.” मिहिर त्याला म्हणाला, “अरे, तू मरशील पुढच्या पायरीला.” तो म्हणाला, “मरू दे की. आधी लेकराला पाणी.” वरून विमान गेलं, खिडक्या थरथरल्या, आणि ते गेल्यावरही कुणी बोललं नाही. साळू, पन्नाशी गाठत आलेला, हातांना ग्रीसचा वास येणारा तो माणूस कागदावरच्या मुलाला पाणी पाजत होता आणि त्याचे डोळे भरले होते. मी देवळं पाहिली, लेणी पाहिली, वेरूळला कैलासापुढं उभी राहून हात जोडले. पण त्या दुपारी जसे माझे हात आपोआप जोडले गेले तसे कधी गेले नव्हते.

मग त्यानं विचारलं, “पोराचं नाव काय?” मनस्विनी गोंधळली. तिच्या गोष्टीत नाव नव्हतं. ती माझ्याकडं वळून म्हणाली, “आजी, तुम्हीच काढलंय. तुम्ही सांगा.” चौघंही माझ्याकडं बघत होती. आणि मी ते नाव मोठ्यांदा घेतलं. एकावन्न वर्षांत तूही माझ्यापुढं घेतलं नव्हतंस, मीही तुझ्यापुढं घेतलं नव्हतं. मी म्हटलं, “माऊली.” बद्रीनाथनं ते आपल्या कागदावर सगळ्यात वर लिहिलं.

श्रेया, इथं जरा थांब. आजीला विचार, पुढं वाचू का? माऊली कोण हे तुला कदाचित कुणी सांगितलं नसेल. तुझे बाबा कचरू, त्यांच्याआधी आजीला एक मुलगा झाला होता. त्र्याहत्तरच्या आषाढात पाऊस आला, सगळीकडं आनंदीआनंद झाला, आणि त्या पहिल्या गढूळ पाण्यानं गावात हगवणीची साथ आली. दीड वर्षाचा माऊली चार दिवसांत गेला. आजी हो म्हणाली तरच पुढं वाच.

साळू, तुझ्यापाशी जे कबूल करायचंय ते आता लिहिते. त्या उन्हाळ्यात एका दुपारी मी तुझं चित्र काढायला बसले तेव्हा तू म्हणालीस, “माझं काढ पाहिजे तितकं. लेकराचं नको बाई, नजर लागती.” मी मान डोलावली. शिकलेली होते ना मी, मला तुझं हसू आलं होतं. तू टिकाव घेऊन वळलीस आणि त्यानं तुझ्या खांद्यावरून मान काढून माझ्याकडं पाहिलं. मला राहवलं नाही. मी काढलं, न विचारता छापायलाही दिलं. श्रावणात अंक हातात आला तसा तो घेऊन मी लासूरला आले, तुला गंमत म्हणून दाखवायला. स्टेशनवरच अण्णांनी सांगितलं, माऊली गेला, आज पाचवा दिवस. तुझ्या दारात येऊन मी तुझ्याजवळ बसले, पण अंक बाहेर काढला नाही. त्यानंतर मी चित्र काढलं नाही. तो पाण्यानं गेला, हे मला माहीत आहे. नजर वगैरे काही नसतं, हे मी वर्गात मुलींना शिकवलं. तरी एकावन्न वर्षांत असा एक महिना गेला नाही की मला तुझं ते वाक्य आठवलं नाही.

हे सगळं आत्ताच का लिहितेय? कचरूच्या लग्नात हळदीच्या दिवशी तू मला चुलीपाशी ओढून घेतलंस आणि हळूच म्हणालीस, “सरू, थोरल्याचं तोंड आठवंना मला. रडणं आठवतं, पाठीवरचं वजन आठवतं, तोंडच आठवंना.” तेव्हाही मी गप्प बसले, कारण द्यायला माझ्याकडं काही नव्हतं. अण्णांच्या बदलीत वही गेली होती, अंक मीच जाळला होता. आता आहे. जगात त्याचा तेवढा एकच चेहरा आहे, आणि तो तुझा आहे. त्या मुलांना मी सगळं सांगितलंय. पुस्तक जूनमध्ये छापायला जातंय, त्या पानाखाली तुझं नि त्याचं नाव घालायची त्या मुलांची इच्छा आहे. तेव्हा जे मी विचारलं नाही ते आता विचारते. छापू का? तू नाही म्हणालीस तर ते पान निघेल, तसं मनस्विनीनं मला वचन दिलंय. तेवीस तारखेला गुरुवारी सकाळच्या गाडीनं मी लासूरला येतेय. चित्र आणते. तुला बघायचं नसलं तर तसं सांग, रागवायचं असलं तर मन भरून रागव. पण तोवर वाट बघायला लागू नये म्हणून सांगून ठेवते. कपाळ तुझं आहे, साळू. डोळे मोठे, भुवया कोरड्या वाऱ्यानं विस्कटलेल्या. जावळ काढलेलं नाही, एक बट कानावर आलेली. खालचे दोनच दात दिसतात. तुझ्या पदराचं टोक त्यानं मुठीत घट्ट धरलंय आणि तो हसतोय.

तुझीच,
सरू